घरी गेल्यापासूनचे दिवस

बावीस महिन्यांत त्या रुग्णालयात अकराशे चाळीस बाळे जन्मली. प्रत्येकाला जन्मानंतर तासाभरात मांडीत एक मिलिग्रॅम के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देण्यात आले. त्यांपैकी पाच बाळांच्या नोंदीवर ‘के जीवनसत्त्वाचा दुष्परिणाम’ या अर्थाचा वाय ४४.३ हा क्रमांक पडला. पाचही बाळांना तीव्र कावीळ झाली होती. पाचही मुलगे होते. पाचही चिंचतांड्याचे होते.

हे आकडे दिपालीने स्वतः भरले होते. मारेगावपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या त्या धर्मादाय रुग्णालयात ती कोडर होती. घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाचा केसपेपर तिच्या टेबलावर येई. डॉक्टरांनी लिहिलेला आजार आणि त्याचे कारण तिने आंतरराष्ट्रीय यादीतल्या क्रमांकांत उतरवायचे, संगणकात भरायचे आणि कागद गठ्ठ्यात बांधायचा. गठ्ठ्यांची राखण नानाजींकडे होती. रेकॉर्ड रूमचे हे जुने कारकून दर गठ्ठ्यात दोन-दोन डांबरगोळ्या टाकत, त्यामुळे खोलीला एक उग्र वास होता. पहिल्या आठवड्यात दिपालीचे त्या वासाने डोके दुखले होते. नंतर तिला तो येईनासा झाला. घरी गेल्यावर मात्र आई म्हणे, “आली माझी लोखंडी पेटी.”

मे महिन्यात संस्थेच्या समितीने तिचा तक्ता पाहिला आणि पत्र काढले: कारणाचा उलगडा होईपर्यंत चिंचतांड्याच्या नवजात बाळांना हे इंजेक्शन देऊ नये.

तीन आठवड्यांनी तांड्यातली चार दिवसांची एक मुलगी रुग्णालयात आली. तिच्या बेंबीतून रक्त येत होते आणि थांबत नव्हते. तिला इंजेक्शन मिळाले नव्हते. ते दिल्यावर काही तासांत रक्त थांबले व ती वाचली. तिच्या केसपेपरवर दिपालीने त्याच जीवनसत्त्वाच्या अभावाने झालेल्या रक्तस्रावाचा क्रमांक टाकला. एकाच वस्तीत हे औषध दिले म्हणून पाच बाळे आजारी पडली होती आणि दिले नाही म्हणून एक. दोन्ही नोंदी तिच्याच हातच्या होत्या आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, हे तिला सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बबिता आली. ती चिंचतांड्याची आशा सेविका. तांड्यातल्या बायकांना बाळंतपणासाठी दवाखान्यात आणणारी. आता तिलाच नववा महिना लागला होता. बोटाला धरलेला मुलगा ओम, बावीस महिन्यांचा. त्या पाचांतला तो पहिला.

“मॅडम, एक सांगा मले. ते इंजेक्शन घ्याव का नाही घ्याव?”

नानाजी गठ्ठा बांधता बांधता म्हणाले, “काहून वं बबिता, तू आशा, साऱ्या गावाले शिकवते, अन् विचारून कोनाले राह्यली? कारकुनाले?”

“डॉक्टरले इचारलं. ते म्हनतात, कम्प्युटरमंदी तसं आहे. कम्प्युटर तर यायच्यापाशीच आहे ना, नानाजी.”

तिने ओमच्या पाठीमागे हात नेऊन जोरात टाळी वाजवली. नानाजी दचकले. ओम खिडकीतल्या चिमणीकडे पाहत राहिला.

“असं आहे,” बबिता म्हणाली. “कावीळ डोक्यात गेली, म्हनले. कान गेले. आता पोटातलं पोरगं असन तर इंजेक्शननं पिवळं पडन, अन् नाही घेतलं तर त्या पोरीवानी रक्त जाइन. तारीख बारा दिवसावर आहे. तुमी सांगान तसं करतो.”

“मी डॉक्टर नाही, बबिता.”

“पन लिहिलं तर तुमीच ना?”

दिपालीने दोन दिवस मागून घेतले.

सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करताना एका गोष्टीची तिला सवय लागली होती: निष्कर्ष पटेनासा झाला की मूळ वहीकडे जायचे. तिने पाचही केसपेपर काढले. पहिला ओमचा. डॉक्टर अश्वजित यांच्या तिरप्या अक्षरात लिहिले होते: ‘लाल पेशी फुटल्याने कावीळ. कारण? विटामिन के?’ दोन प्रश्नचिन्हे होती. ती भरायला संगणकात जागा नव्हती, म्हणून दिपालीने ती भरली नव्हती. दुसऱ्या बाळाच्या कागदावर होते: ‘विटामिन के, पूर्वीही नोंद.’ तिसऱ्यापासून पुढे नुसतेच ‘विटामिन के’.

ती बाह्यरुग्ण विभागात गेली. डॉक्टर अश्वजित चहा पीत होते. प्रसूती कक्षाच्या संगीता सिस्टर समोर बसल्या होत्या.

“सर, ओमच्या पेपरवर विटामिन के कशावरून लिहिलं?”

“शक्यता म्हणून. पूर्वी के-तीन नावाचा प्रकार मिळायचा. तो जास्त गेला तर बाळाच्या लाल पेशी फुटत. आपण के-एक देतो, त्याने सहसा तसं होत नाही. पण रक्तगट जुळत होता, जंतुसंसर्ग नव्हता, दुसरं काही सापडेना. म्हणून प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं.”

“मग दुसऱ्या बाळाला प्रश्नचिन्ह का नाही?”

“पहिल्याची नोंद होती ना. तुझ्याच तक्त्यात.”

“ती मी तुमच्या पेपरवरून भरली होती, सर.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. “आणि मी तुझ्या तक्त्यावरून लिहिलं.”

संगीता सिस्टर हसल्या नाहीत, पण बोलल्या. “म्हंजे तुमी दोघं एकमेकाच्या खांद्यावर बसून झाड चढून राह्यले. अन् तिकडं समितीवाले मले विचारतात, सिस्टर, तुमी टोचता तरी बरोबर का? एकाच खोक्यातून सकाळी तांड्याच्या बाळाले देल्लं, दुपारी वणीच्या बाळाले. वणीचं खणखणीत आहे.”

“लाल पेशींतल्या एन्झाइमची तपासणी झाली होती का, सर? काही बाळांत ते जन्मतः कमी असतं, असं वाचलं.”

“चौथ्याची झाली होती, यवतमाळला पाठवल्यावर. नॉर्मल आली.”

“मग कशाने?”

“माहीत नाही,” डॉक्टर अश्वजित म्हणाले. त्या केसपेपरांवर कुठेही न लिहिलेले असे हे शब्द होते, आणि दिपालीला वाटले, बावीस महिन्यांपूर्वी हेच लिहिले असते तर बरे झाले असते.

त्या दुपारी तिने कोऱ्या कागदावर रेघा आखल्या. प्रत्येक बाळ इंजेक्शननंतर कितव्या दिवशी पिवळे होऊन परत आले? सहाव्या, सातव्या, सहाव्या, अठराव्या, दहाव्या. आकड्यांना काही ताळतंत्र नव्हते. अठरा आणि दहा कुठून आले म्हणून तिने पुन्हा कागद चाळले. चौथे बाळ वजनाने कमी होते, ते चौदा दिवस दवाखान्यातच राहिले होते. पाचवे शस्त्रक्रियेने झालेले, सातव्या दिवशी घरी गेले. बाकीची तिसऱ्या दिवशी. तिने शेजारी दुसरा रकाना पाडला: घरी गेल्यापासून कितव्या दिवशी? तीन, चार, तीन, चार, तीन.

औषधाचे घड्याळ टोचल्या क्षणापासून चालू व्हायला हवे. हे घड्याळ तांड्याचा उंबरठा ओलांडल्यावर चालू होत होते.

पण तांड्यात असे होते तरी काय? आणि ते मुलींना का बाधत नव्हते? बावीस महिन्यांत त्याच तांड्यातल्या एकवीस मुली घरी गेल्या होत्या, एकही पिवळी होऊन परत आली नव्हती. मुलगेही सगळे नाही, चोवीसांतले पाचच. सुताचा एक धागा हाती आला होता आणि त्याच्या पाठोपाठ अख्खा गुंता.

बुधवारी ती बबिताबरोबर चिंचतांड्यावर गेली. गावात नवा सिमेंटचा रस्ता होता. बबिताच्या दारापुढे रस्त्याच्या कडेला कडुनिंबाचे कापलेले खोड होते; बबिता दम खायला त्यावर टेकली.

“लिंब होता मोठा. रस्ता आला, लिंब गेला. आता उन्हात बसा.”

बबिताची सासू बिजलीबाई ओसरीवर होती. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळावर गोंदण. ती तांड्याची दाई. सून तिला याडी म्हणे, म्हणजे आई. तांड्यातले निम्मे लोकही तसेच म्हणत.

“आव बाई, बेस,” तिने बाज झटकली. मग सुनेकडे पाहून म्हणाली, “हेच का कम्प्युटरवाली?”

दिपालीने पाणी पाहिले. सगळ्यांचे एकाच नळाचे. घुट्टीत काय उगाळतात ते विचारले. काजळ, अंगाला लावायचे तेल, शेकशेगडीतली धुरी, सगळे लिहून घेतले. प्रत्येक प्रश्नाला जोडून तिने विचारले, हे मुलींनाही करता का?

“पोरगा असो, पोरगी असो, सारखंच,” बिजलीबाई म्हणाली. “या हातावर दोनशे चौदा लेकरं जन्मली, बाई. एक पिवळं नाही झालं. तुमचा दवाखाना आला अन् हे सुरू झालं.”

“दवाखाना दहा वर्षांपासून आहे, आजी. कावीळ दोनच वर्षांपासून.”

“मंग?”

“मंग माहीत नाही.”

“लय शिकली तू,” म्हातारी म्हणाली, पण पाण्याचा तांब्या तिने स्वतः पुढे केला.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली, आणि तिने गोंधळ वाढवलाच. पाचही आया, बबितासुद्धा, दारव्ह्याकडच्या एकाच आजीच्या नाती होत्या. “दोघी सख्ख्या बहिनी, बाकी मावस,” बबिता म्हणाली. “याडीनंच सुना म्हून आनल्या सगळ्या. माहेर लांब, म्हून बाळंतपण इथंच.” म्हणजे कारण माहेरकडून आले की सासरच्या घरात होते? माहेरी तर ती बाळे गेलीच नव्हती.

ओसरीच्या आतल्या अंधारात रंगवलेली लोखंडी पेटी होती. तिच्याजवळून जाताना दिपालीला रेकॉर्ड रूमचा वास आल्यासारखे वाटले. ती मनात म्हणाली, माझी ओढणी. आणि बाहेर आली.

तारखेच्या दहा दिवस आधीच, गुरुवारी सकाळी, बबिताला कळा सुरू झाल्या. प्रसूती कक्षाच्या दारात तिने दिपालीचे मनगट धरले.

“सांगा आता.”

दिपालीला रकाना आठवला: तीन, चार, तीन, चार, तीन. पाच आकडे म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला ठाऊक होते. पण न टोचलेली मुलगीही तिला ठाऊक होती.

“घे,” ती म्हणाली. “कावीळ त्यानं नाही झाली, असं मला वाटतं. कशानं झाली ते मला अजून माहीत नाही. खोटं सांगत नाही.”

बबिताने समितीच्या पत्राखाली स्वतःच्या संमतीची सही केली. डॉक्टर अश्वजित यांनी आपली केली. संध्याकाळी मुलगा झाला आणि संगीता सिस्टरांनी त्याला इंजेक्शन दिले.

शुक्रवार-शनिवार दिपाली रजेवर होती. मारेगावात तिच्या भावाचा, अंकुरचा साखरपुडा होता. दोन्ही दिवस तिच्या डोक्यात तेच: बाळ रविवारी घरी जाणार, म्हणजे बुधवार किंवा गुरुवार. आई म्हणाली, “पाहुण्यांसमोर बोटं काय मोजतेस?”

रविवारी ती न्हाऊन, धुतलेला पोशाख घालून, सुटी असूनही थेट वॉर्डात आली. बाळ गुलाबी होते. बिजलीबाई नातवाला न्यायला आली होती. तिने मांडीवरचे गाठोडे सोडले. आतून लहानसे दुपटे निघाले, लाल-निळ्या टाक्यांचे, गोल आरशांचे, कडेने कवड्या लावलेले. कवड्या खुळखुळल्या, तो ओळखीचा वास आला आणि दिपाली जणू एकदम रेकॉर्ड रूममध्ये उभी राहिली.

तिने आपली ओढणी नाकाला लावली. साबणाचा वास. रेकॉर्ड रूम दोन मजले खाली होती आणि आज तिला कुलूप होते.

“आजी, थांबा. बाळाला गुंडाळू नका. याले वास कायचा येऊन राह्यला?”

“कायचा येइन? दुपट्याचा. माया सासूनं शिवलं हे. तांड्यातलं लेकरू घरी आलं का पाच दिवस यातच राहते, मंग परत पेटीत. बाळंतपनं तर तुमी नेली, आता दाईपाशी एवढंच राह्यलं.”

“पेटीत काय ठेवता याच्यासोबत?”

“डांबरगोळ्या. सेवादास आनते बजारातून,” तिने मुलाचे नाव घेतले. “आंधी लिंबाचा पाला ठेवत होतो. लिंब रस्त्यात गेला तं पाला कुठून आनू? त्या साली कसर लागली, कवड्यायचा दोरा खाऊन टाकला. मंग गोळ्या भरल्या. मूठभर.”

“लिंब कधी कापला?”

उत्तर पलंगावरून बबिताने दिले, आणि देताना तिचा आवाज बदलला. “ओमच्या महिनाभर आंधी.”

दिपालीने डांबरगोळ्यांचे सांगताच डॉक्टर अश्वजित आपल्या खोलीतून पुस्तक घेऊन आले. सूचीत बोट फिरवले, पान काढले, उभ्या उभ्या वाचले, मग खाली बसून पुन्हा वाचले. नंतर त्यांनी त्या चौथ्या बाळाचा जुना केसपेपर आणि तपासणी अहवाल मागवला, आणि दोन्हींवरच्या तारखा जुळवून पाहिल्या.

“दिपाली, याची तपासणी काविळीसाठी रक्त बदलल्यानंतर झाली होती,” ते म्हणाले. “म्हणजे आपण दात्याचं एन्झाइम मोजलं आणि बाळाचं म्हणून लिहिलं.”

ओमचे आणि नव्या बाळाचे रक्त नागपूरला पाठवले. बाळ दवाखान्याच्या साध्या पांढऱ्या फडक्यात घरी गेले. बुधवार गेला. गुरुवारी दिपाली तांड्यावर जाऊन आली. उन्हात नेऊन तिने बाळाचे कपाळ बोटाने दाबून पाहिले, डोळ्यांतला पांढरा भाग पाहिला. शुक्रवारीही गेली. बाळ पांढऱ्या फडक्यात झोपले होते. दुपटे दोरीवर उन्हात होते, आणि बबिता कुठल्यातरी शेजारच्या गावाहून लिंबाच्या डहाळ्या आणायला सेवादासला पिटाळत होती.

बिजलीबाईने तिला दाराशी गाठले.

“खरं सांग, बाई. मी केलं?”

“गोळीनं केलं, आजी. तुम्हाला ते माहीत नव्हतं. आणि मी दोन वर्षं ते भलत्याच्याच नावावर लिहीत होते, मला तर माहीत करून घ्यायचा पगार मिळतो.”

म्हातारीने ओमकडे पाहिले. तो दोरीवरच्या कवड्या हलवत होता. त्यांचा आवाज त्याला येत नव्हता.

सोमवारी नागपूरचा अहवाल आला. दोन्ही भावांत ते एन्झाइम फार कमी होते. दिपालीने पाच नोंदी उघडल्या आणि वाय ४४.३ खोडला. त्या जागी एक्स ४८ भरला: कीटकनाशकाची अपघाती बाधा. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत हा क्रमांक तिच्या बोटांना पाठ होता. तान्ह्या बाळासाठी तिने तो पहिल्यांदाच वापरला. समितीसाठी तिने खाली टिपण लिहिले, आणि या वेळी त्यात प्रश्नचिन्हाची गरज पडली नाही:

‘पाचही बाळांची कावीळ के जीवनसत्त्वामुळे झालेली नाही. घरी गेल्यावर ती बाळे ज्या दुपट्यात गुंडाळली गेली, ते दोन वर्षांपासून पेटीत नॅफ्थलीनच्या गोळ्यांसोबत, म्हणजे डांबरगोळ्यांसोबत, ठेवले जात होते. नॅफ्थलीनची वाफ श्वासातून व कातडीतून बाळाच्या रक्तात जाते. लाल पेशींचे रक्षण करणारे जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम ज्या बाळात कमी असते, त्याच्या पेशी या वाफेने फुटतात आणि कावीळ होते. ही कमतरता आईकडून येते आणि मुख्यतः मुलग्यांत प्रकट होते. पाचही आया एकाच मातृकुळातल्या बहिणी आहेत. त्याच दुपट्यात राहिलेल्या मुली आणि इतर आयांचे मुलगे यांना बाधा झाली नाही. तपासणी दोनच मुलांची झाली असून उरलेल्या चौघांची करावी. इंजेक्शन पूर्ववत सुरू करावे. गोळ्या काढून टाकाव्यात.’

टिपण छापून तिने नानाजींकडे दिले. त्यांनी ते वाचले, गठ्ठ्यात ठेवले आणि सवयीने डांबरगोळ्यांच्या डब्याकडे हात नेला. मग हात मागे घेतला.